शुश्रूषेचा मूळ अर्थ आणि 'खामोशी'तील परिचारिका : मानसोपचार परिचर्येच्या मूलतत्त्वांच्या आधारे एक समीक्षा

गोषवारा

मनोरुग्णाच्या उपचारात परिचारिकेचे स्थान कोणते, हा प्रश्न परिचर्याशास्त्राइतकाच साहित्य व चित्रपट या कलांनीही हाताळला आहे. असित सेन यांनी 'दीप ज्वेले जाइ' (१९५९) हा बंगाली आणि 'खामोशी' (१९६९) हा हिंदी चित्रपट एकाच कथेवरून दिग्दर्शित केला. या दोन्ही चित्रपटांच्या केंद्रस्थानी मनोरुग्णालयातील परिचारिका आहे. प्रस्तुत निबंधात मुख्यतः 'खामोशी'चे परीक्षण हिल्डगार्ड पेप्लाऊ यांच्या परस्परसंबंधविषयक सिद्धांताच्या आधारे केले आहे. चित्रपटातील परिचारिकेचे कोसळणे ही केवळ प्रेमाची शोकांतिका नसून परिचर्येच्या मूलतत्त्वांची पायमल्ली झाल्याचा तो परिणाम आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे. तुलनेसाठी 'देवराई' व 'अस्तु' या मराठी चित्रपटांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : मानसोपचार परिचर्या, परस्परसंबंध, पर्यायी भूमिका, पर्यवेक्षण, मनोरुग्ण, चित्रपट समीक्षा.

१. प्रस्तावना

'शुश्रूषा' हा शब्द मराठीत सेवा या अर्थाने रूढ आहे. आजाऱ्याचे अंथरूण नीट करणे, वेळेवर औषध देणे, पथ्यपाणी सांभाळणे ही सर्व कामे त्यात येतात. तथापि, या शब्दाची व्युत्पत्ती पाहिली असता तो 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून सिद्ध झाल्याचे आढळते. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. शिष्याने गुरूचे ऐकावे, त्यातून त्याची सेवा करावी, असा या अर्थाचा प्रवास झाला. शरीराच्या आजारात हा मूळ अर्थ विसरला तरी काम अडत नाही. मनाच्या आजारात मात्र तो विसरून चालत नाही. तापाचा अंदाज तापमापी देते. मनोरुग्णाच्या अवस्थेचा अंदाज त्याचे बोलणे व त्याचे गप्प राहणे यांतूनच घ्यावा लागतो.

या दृष्टीने 'खामोशी' हे चित्रपटाचे नाव अर्थपूर्ण ठरते. या चित्रपटातील राधा ही परिचारिका रुग्णांचे ऐकते, परंतु तिचे ऐकणारे रुग्णालयात कोणी नाही. चित्रपटाविषयी आजवर जे लिहिले व बोलले गेले, त्यात हेमंतकुमार यांचे संगीत, गुलजार यांची गीते, कमल बोस यांचे कृष्णधवल छायाचित्रण आणि वहिदा रेहमान यांचा अभिनय यांची दखल घेतलेली आढळते. ती योग्यच आहे. परंतु राधेच्या व्यवसायाकडे कथेची पार्श्वभूमी म्हणूनच पाहिले गेले. वस्तुतः तिचा व्यवसाय हाच या कथेचा विषय आहे.

२. उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (१) मानसोपचार परिचर्येची मूलतत्त्वे थोडक्यात मांडणे. (२) त्या आधारे 'खामोशी'तील परिचारिका, रुग्ण व डॉक्टर यांच्या संबंधांची चिकित्सा करणे. (३) मानसिक आजाराविषयी हा चित्रपट कोणती समजूत रुजवितो, ते तपासणे. चित्रपट हा परिचर्येचे पाठ्यपुस्तक नसतो आणि कलाकृतीकडून शास्त्रीय काटेकोरपणाची अपेक्षा करणे उचित नाही, याची जाणीव येथे ठेवली आहे. शास्त्राच्या चुका मोजणे हा हेतू नाही. कलाकृतीला जे जाणवले पण तिला पूर्णपणे सांगता आले नाही, ते शास्त्राच्या मदतीने स्पष्ट करणे, एवढाच हेतू आहे.

३. मानसोपचार परिचर्येची बैठक

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मनोरुग्णालयातील परिचारिकेचे काम प्रामुख्याने राखणीचे होते. रुग्ण पळून जाऊ नये, त्याने स्वतःला वा दुसऱ्याला इजा करू नये आणि वॉर्डातील शिस्त बिघडू नये, एवढी तिची जबाबदारी मानली जाई. भारतात १९१२ च्या कायद्याच्या नावातच 'वेडेपणा' होता आणि त्याचा भर रुग्णाला दाखल करून घेण्याच्या व ताब्यात ठेवण्याच्या प्रक्रियेवर होता. १९८७ मध्ये मानसिक आरोग्य कायदा आणि २०१७ मध्ये मानसिक आरोग्य सेवा कायदा आला, तेव्हा कायद्याची भाषा हळूहळू ताब्याकडून हक्काकडे वळली.

परिचर्याशास्त्रात हा बदल त्याआधीच सुरू झाला होता. अमेरिकन परिचारिका हिल्डगार्ड पेप्लाऊ (१९०९–१९९९) यांचा परिचर्येतील परस्परसंबंधांवरील ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. हा ग्रंथ १९४८ च्या सुमारासच लिहून तयार होता. परंतु सोबत डॉक्टरचे नाव नसताना एका परिचारिकेने असा ग्रंथ लिहावा, हे त्या काळी प्रकाशकांना धाडसाचे वाटले आणि प्रकाशन लांबले. परिचारिका जे पाहते व समजते ते ज्ञान मानावयाचे की नाही, हा प्रश्न या घटनेतून पुढे येतो. 'खामोशी'चा विचार करताना तो पुन्हा समोर येणार आहे.

पेप्लाऊ यांच्या मते परिचारिका व रुग्ण यांचा संबंध हेच उपचाराचे साधन असते. या संबंधाच्या चार अवस्था त्यांनी सांगितल्या. पहिल्या अवस्थेत दोघे अनोळखी असतात आणि रुग्णाची अडचण काय, हे समजून घेतले जाते. दुसऱ्या अवस्थेत रुग्णाला परिचारिकेविषयी विश्वास वाटू लागतो. तिसऱ्या अवस्थेत तो या संबंधाचा आपल्या बरे होण्यासाठी उपयोग करून घेतो. चौथ्या अवस्थेत जुनी गरज भागलेली असते आणि संबंधाचा समारोप होतो. परिचारिकेच्या भूमिकाही त्यांनी सांगितल्या : अनोळखी व्यक्ती, माहिती देणारी, शिकविणारी, नेतृत्व करणारी, समुपदेशक आणि पर्यायी व्यक्ती. यांतील शेवटची भूमिका प्रस्तुत विवेचनासाठी महत्त्वाची आहे. आजारपणात रुग्ण नकळत परिचारिकेला आई, बहीण किंवा आयुष्यातील अन्य व्यक्तीच्या जागी पाहू लागतो. अशा वेळी आपण ती व्यक्ती नाही, हे रुग्णाला हळूहळू उमजू देणे, साम्य व भेद दोन्ही त्याच्या लक्षात आणून देणे, हे परिचारिकेचे काम असते.

भारतात याच सुमारास या विषयाच्या शिक्षणाला आरंभ झाला. बंगळूर येथील अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत १९५६ मध्ये मानसोपचार परिचर्येचा अभ्यासक्रम सुरू झाला. भारतीय परिचर्या परिषदेने १९६५ मध्ये पदवी अभ्यासक्रमात हा विषय समाविष्ट केला. 'दीप ज्वेले जाइ' १९५९ चा आणि 'खामोशी' १९६९ चा. म्हणजे ज्या दशकात हा व्यवसाय आपल्याकडे आकार घेत होता, त्याच दशकात चित्रपटाने त्याची प्रतिमा घडविली. त्यामुळे ती प्रतिमा तपासणे अगत्याचे ठरते.

४. कथानक

आशुतोष मुखोपाध्याय यांच्या कथेवर हे दोन्ही चित्रपट आधारलेले आहेत. मनोरुग्णालयाचे प्रमुख कर्नल (नासिर हुसेन) यांची अशी धारणा आहे की, प्रेमभंगामुळे ज्यांचे मन ढळले आहे, अशा रुग्णांना परिचारिकेने माया व प्रेम दिल्यास ते बरे होतात. हा प्रयोग देव (धर्मेंद्र) या रुग्णावर होतो. राधा (वहिदा रेहमान) त्याच्यावर प्रेम करण्याची भूमिका निभावते आणि तो बरा होतो. परंतु या काळात राधा खरोखरच त्याच्या प्रेमात पडलेली असते. देव बरा होऊन निघून जातो. पुढे अरुण (राजेश खन्ना) हा तसाच रुग्ण येतो. राधा प्रथम नकार देते, मग तयार होते. अरुण बरा होतो. मात्र राधेचे मानसिक संतुलन ढळते आणि ज्या रुग्णालयात ती परिचारिका होती, तेथेच ती रुग्ण म्हणून दाखल होते. आपण अभिनय केलाच नव्हता, अशा आशयाचे तिचे बोलणे चित्रपटाच्या शेवटी येते. आपण राधेतील परिचारिका पाहिली, स्त्री पाहिली नाही, याची जाणीव कर्नलला होते, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

५. पर्यायी भूमिका की सक्तीचा अभिनय?

कर्नलच्या प्रयोगात परिचारिकेची भूमिका पर्यायी व्यक्तीचीच आहे. वरवर पाहता पेप्लाऊ यांनी सांगितलेल्या भूमिकेशी तिचे साम्य दिसते. तथापि, दोहोंतील भेद मूलभूत आहे. पेप्लाऊ यांच्या मांडणीत रुग्ण आपणहून परिचारिकेला कुणाच्या तरी जागी पाहतो आणि परिचारिका त्याला वास्तवाकडे आणते. कर्नलच्या प्रयोगात डॉक्टर परिचारिकेला त्या जागी बसवितो आणि तिने वास्तव लपवावे, अशी अपेक्षा ठेवतो. पहिल्या प्रकारात भ्रम हा उपचाराचा प्रारंभबिंदू असतो, तर दुसऱ्यात भ्रम हाच उपचार ठरतो.

याचे दोन परिणाम होतात. पहिला रुग्णावर. देवला जे प्रेम मिळाले, ते उपचाराचा भाग होते, हे त्याला उपचार सुरू असताना माहीत नाही. ज्याचे मन विश्वास तुटल्याने ढळले, त्याला बरे करण्यासाठी पुन्हा एक असत्य योजले जाते. आजच्या कायद्यानुसार उपचारासाठी माहितीपूर्ण संमती आवश्यक मानली जाते. त्या कसोटीवर हा प्रयोग टिकणार नाही. परंतु कायदा बाजूला ठेवला, तरी परिचर्येच्या दृष्टीनेही तो सदोष आहे. कारण विश्वास हेच जेथे औषध, तेथे फसवणूक हे त्या औषधातील भेसळ ठरते.

दुसरा परिणाम परिचारिकेवर. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये भावनिक श्रम ही संकल्पना मांडली. नोकरीचा भाग म्हणून विशिष्ट भावना दाखविणे किंवा ती मनात जागविणे, हेही श्रमच असतात आणि त्यांची किंमत माणसाला मोजावी लागते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. राधेकडून असे श्रम करून घेतले जातात, पण ते श्रम म्हणून मोजले जात नाहीत. ते तिच्या स्त्रीत्वाचे सहज दान मानले जाते. मायाळू असणे हा स्त्रीचा स्वभावच, तेव्हा त्याची झीज ती काय होणार, असे कर्नलच्या प्रयोगात गृहीत आहे. चित्रपटाचा शेवट या गृहीतकालाच धक्का देतो. हे या कलाकृतीचे मोठे यश आहे.

येथे आपल्याकडील एका प्रथेचा उल्लेख करणे उचित ठरेल. महाराष्ट्रातील रुग्णालयांत परिचारिकेला 'सिस्टर', आयाबाईंना 'मावशी' आणि वॉर्डबॉयला 'मामा' म्हणण्याची रीत आहे. ही नाती मानलेली आहेत, हे बोलणारा व ऐकणारा दोघांनाही माहीत असते. त्यामुळे जवळीकही साधते आणि अंतरही राहते. रात्रपाळीला वॉर्डात एकटी असलेली परिचारिका 'सिस्टर' या हाकेच्या आधारे मायेने वागू शकते आणि मर्यादाही पाळू शकते. पेप्लाऊ यांच्या मांडणीतील पर्यायी भूमिकेचा सुरक्षित असा लोकव्यवहारातील नमुना म्हणून या रीतीकडे पाहता येईल. राधेला मात्र ज्या नात्याची भूमिका दिली जाते, त्या नात्यात अंतर राखण्याची सोयच नाही. प्रेयसीचे नाते मानलेले असू शकत नाही.

६. समारोपाची हरवलेली अवस्था

देव बरा होतो आणि निघून जातो. रुग्णालयाच्या दृष्टीने प्रयोग सफल झाला व केसपेपर बंद झाला. परंतु संबंधाचा समारोप झाला काय? पेप्लाऊ यांच्या चौथ्या अवस्थेत रुग्ण व परिचारिका दोघेही त्या संबंधातून मोकळे होतात. दोघांनीही, असे येथे मुद्दाम म्हणावे लागते. रुग्णाला घरी पाठविणे म्हणजे समारोप नव्हे. काय घडले, कोणती गरज कोणी भागविली, आता ती का उरली नाही, हे एकमेकांशी बोलून संपविणे म्हणजे समारोप होय. देव व राधा यांच्यात असे बोलणे घडत नाही, आणि राधेशी कर्नलही तसे बोलत नाहीत. अर्धवट राहिलेला तो संबंध घेऊन राधा अरुणच्या खोलीत जाते.

दिग्दर्शकाने हे फार सूचकतेने दाखविले आहे. देवचा चेहरा बहुतांशी प्रेक्षकांसमोर येत नाही. तो पाठमोरा किंवा सावलीत राहतो. अरुणची शुश्रूषा करताना राधेला वारंवार देव आठवतो आणि चित्रपट पूर्वस्मृतीत जातो. म्हणजे आता राधाच अरुणला देवच्या जागी पाहू लागली आहे. मनोविश्लेषणात उपचारकर्त्याच्या मनात रुग्णाविषयी उठणाऱ्या अशा प्रतिभावनांचा विचार फ्रॉइड यांनी १९१० मध्येच मांडला होता. उपचारकर्त्याने त्या ओळखाव्यात, असे त्यांनी सांगितले होते. राधेला ते सांगणारे कोणी नाही. ज्या राधेने रुग्णांना सावरले, तिची स्वतःची अवस्था रुग्णालयाच्या नजरेतून सुटते.

७. पर्यवेक्षणाचा अभाव

राधेचा पहिला नकार हा चित्रपटातील महत्त्वाचा क्षण आहे. परिचर्येच्या दृष्टीने हा नकार म्हणजे तक्रार नसून नोंद आहे. अनुभवी परिचारिका सांगते आहे की, हे काम तिला झेपणार नाही. एखाद्या यंत्राने बिघाडाचा इशारा दिला असता, तर तो नोंदविला गेला असता. परिचारिकेने दिलेला इशारा तिचा वैयक्तिक प्रश्न मानला जातो.

चित्रपटात मेट्रन आहे. ती भूमिका ललिता पवार यांनी केली आहे. पदाची उतरंडही आहे. परंतु मानसोपचार परिचर्येत ज्याला पर्यवेक्षण म्हणतात, ते येथे दिसत नाही. पर्यवेक्षण म्हणजे ड्युटीची वेळ व गणवेश तपासणे नव्हे. परिचारिकेने रुग्णाशी काय बोलणे केले, त्या वेळी तिच्या मनात काय आले, पुढे काय करावे, यांविषयी वरिष्ठ व अनुभवी परिचारिकेशी नियमितपणे मोकळी चर्चा करण्याची ती व्यवस्था आहे. अशी व्यवस्था नसल्याने राधेच्या अनुभवाचे ज्ञानात रूपांतर होत नाही. तो तिच्या मनात साचत जातो. सिद्धांत कर्नलचा, यश कर्नलचे, आणि भार मात्र परिचारिकेचा, अशी ही वाटणी आहे.

चित्रपटाच्या शेवटी कर्नलला होणारा पश्चात्ताप हृदयस्पर्शी आहे. पण तो अपुरा आहे. आपण तिच्यातील स्त्री पाहिली नाही, असे त्याला वाटते. वास्तविक त्याने परिचारिकाही पाहिली नव्हती. परिचारिका म्हणून तिचे मत विचारले असते, तिचा नकार मान्य केला असता, तर तिच्यातील स्त्रीही वाचली असती. चित्रपट दोष एका व्यक्तीच्या भावनिक चुकीवर ठेवतो आणि संस्थेला मोकळे सोडतो. कलाकृतीची ही मर्यादा मान्य करावी लागते.

८. मानसिक आजाराविषयीची समजूत

'खामोशी'त प्रेमभंग हे मानसिक आजाराचे कारण व प्रेम हे त्याचे औषध आहे. हे सूत्र भारतीय चित्रपटाला फार प्रिय राहिले आहे. अपघातात स्मृती जाणे व दुसऱ्या आघाताने ती परत येणे, हे त्याचेच भावंड. प्रत्यक्षात १९४९ मध्ये जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा परिणाम नोंदविला होता आणि १९५२ पासून क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोविकारांसाठी वापरात आले होते. म्हणजे चित्रपट निर्माण झाले तेव्हा मनोरुग्णालयांचे जग बदलू लागले होते. पुढे १९७७ मध्ये जॉर्ज एंगल यांनी आजाराच्या जैविक, मानसिक व सामाजिक अशा तिन्ही बाजू एकत्र पाहण्याचा आग्रह धरला. आज परिचर्येच्या शिक्षणात हीच दृष्टी स्वीकारली जाते.

केवळ प्रेमाने आजार बरा होतो, ही समजूत निरुपद्रवी नाही. तिचा उलटा अर्थ असा निघतो की, रुग्ण बरा झाला नाही तर घरच्यांचे प्रेम कमी पडले. अनेक मुलींची लग्ने 'लग्न केले की बरी होईल' या आशेवर लावली जातात, मुलांचीही लावली जातात, आणि एका आजारातून दोन घरांचे दुःख उभे राहते. दुसऱ्या टोकाला, रुग्णाला माणूस न मानणारी व्यवस्था आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मृत्युमुखी पडले. २०१७ च्या कायद्याने रुग्णांना साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली. साखळी आणि भाबडे प्रेम या दोन टोकांच्या मध्ये जी जागा आहे, ती प्रशिक्षित परिचर्येची आहे.

चित्रपटाचा शेवट या दृष्टीने पुन्हा पाहिला पाहिजे. बरा झालेला अरुण राधेची वाट पाहण्याचे ठरवितो. प्रेक्षकाला यात आशा दिसते. परंतु ज्या सिद्धांताने राधेचा बळी घेतला, तोच सिद्धांत येथे पुन्हा सांगितला जातो : प्रेम मिळाले की ती बरी होईल. चित्रपट प्रयोगाचे दुष्परिणाम दाखवितो, पण प्रयोगामागील विश्वास सोडत नाही.

९. दोन मराठी चित्रपटांशी तुलना

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटात छिन्नमनस्कता झालेल्या शेषची (अतुल कुलकर्णी) कथा आहे. त्याची बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) त्याला आपल्या घरी आणते. येथे डॉक्टर आहेत, औषधे आहेत आणि घरही आहे. मुख्य म्हणजे सांभाळणाऱ्या बहिणीची ओढाताण चित्रपट लपवीत नाही. भावाची माया व स्वतःचा संसार यांत ती थकते आणि तिचे थकणे हाही कथेचा विषय होतो. राधेला जे मिळाले नाही, ते सीनेला काही प्रमाणात मिळते : तिच्या दमणुकीला कथेत जागा आहे.

याच दिग्दर्शकद्वयाच्या 'अस्तु' (२०१३) मध्ये स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) हत्तीच्या मागे जाता जाता हरवतात. माहुताची पत्नी चन्नम्मा (अमृता सुभाष) त्यांना आसरा देते. शास्त्री तिला आई म्हणू लागतात. ही भूमिका तिला कोणी नेमून दिलेली नाही. रुग्णाने आपणहून ती तिला दिली आहे. ती त्यांना खाऊपिऊ घालते, लहान मुलासारखे सांभाळते. परंतु हा म्हातारा हरवलेला आहे, याचे भान तिला आहे. पेप्लाऊ यांच्या पर्यायी भूमिकेला ही अशिक्षित स्त्री प्रशिक्षित राधेपेक्षा अधिक जवळची ठरते. याचा अर्थ प्रशिक्षण अनावश्यक आहे, असा नव्हे. चन्नम्माचा सांभाळ थोडक्या काळाचा आहे; परिचारिकेला तो वर्षानुवर्षे, अनेक रुग्णांसाठी, पाळीपाळीने करावयाचा असतो. चांगुलपणा टिकावा यासाठीच प्रशिक्षण व पर्यवेक्षण लागते.

१०. निष्कर्ष

(१) 'खामोशी'तील राधेची शोकांतिका ही प्रेमकथेइतकीच व्यवसायकथा आहे. तिच्या कोसळण्याची कारणे तिच्या स्वभावात शोधण्यापेक्षा कामाच्या रचनेत शोधणे अधिक सयुक्तिक आहे.

(२) रुग्णाने नकळत दिलेली पर्यायी भूमिका आणि वरिष्ठांनी लादलेला अभिनय यांत मूलभूत भेद आहे. पहिली परिचर्या होय, दुसरा परिचारिकेचा वापर होय.

(३) संबंधाचा समारोप व नियमित पर्यवेक्षण ही मानसोपचार परिचर्येची अंगे रुग्णाइतकीच परिचारिकेच्या मानसिक आरोग्यासाठी आवश्यक आहेत.

(४) प्रेमाने मानसिक आजार बरा होतो, या समजुतीवर चित्रपट प्रश्न उपस्थित करतो, परंतु तिचा पूर्णपणे त्याग करीत नाही.

(५) परिचर्येच्या विद्यार्थ्यांना मूलतत्त्वे शिकविताना हा चित्रपट आदर्श म्हणून न दाखविता चर्चेसाठी दाखविणे उपयुक्त ठरेल. राधेने प्रथम नकार दिला, तेथे चित्रपट थांबवून पुढे काय व्हावयास हवे होते, हे विद्यार्थ्यांना विचारता येईल.

शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा, हा अर्थ ध्यानात घेतला तर रुग्णालयातील प्रत्येक शुश्रूषा करणाऱ्याचेही कोणीतरी ऐकावे लागते, हे ओघानेच येते. राधा बोलली होती. तिने नकार दिला होता. चित्रपटाच्या नावातील शांतता तिची नव्हे. ती ज्यांनी ऐकावयास हवे होते, त्यांची आहे.